पेटी कधी उघडायची आणि कधी नाही: मधमाशी पालनाचे दोन क्लास आणि मधलं एक वर्ष

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा बसमध्ये बसलात आणि इअरफोन घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतेय. बोलताना जिथे अडखळले ते काढलंय, बाकी जवळपास तसंच आहे. मध्ये एके ठिकाणी कुकरची शिट्टी होते, ती तेवढी लिहिता येत नाही.

मधमाश्यांचा विषय मागे नुसता निघाला होता, तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलं. "ताई, मधमाशी पालनाचा क्लास करायचाय. कुठे करू, आणि केला की पैसे सुटतात का?" मी हा क्लास दोनदा केलाय. पहिला नवशिक्यांचा, आणि वर्षभराने दुसरा, पेट्या सांभाळताना हात पोळलेल्या लोकांचा. मधल्या वर्षात माझ्या दोन पेट्यांपैकी एक रिकामी झाली. त्यामुळे आज नुसती माहिती नाही देणार, ती पेटी का रिकामी झाली तेही सांगणार. माझ्या मते क्लासमधलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

सुरुवात झाली सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं होतं, चांगलं परातीएवढं. सोसायटीत मीटिंग झाली, लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, आणि एका रात्री फवारणीवाला येऊन गेला. सकाळी पार्किंगमध्ये माश्यांचा सडा पडला होता. काही जिवंत होत्या, गोल गोल फिरत होत्या. आजी खराट्याने त्या गोळा करत होती आणि काहीच बोलत नव्हती, आणि आमची आजी गप्प बसली की समजायचं, काहीतरी चुकलंय. सोसायटीची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण फवारणीशिवाय दुसरं काय करता येतं, हे त्या मीटिंगमधल्या एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. म्हणून क्लास शोधला.

पहिला क्लास ऑक्टोबरमध्ये होता, पाच दिवसांचा, शहराजवळच्या एका शेती प्रशिक्षण केंद्रात. पावसाळा संपून फुलोरा सुरू होतो, म्हणून आपल्याकडे शिकायला आणि पेटी ठेवायला हा काळ बरा. आम्ही पंचवीसेक जण होतो. दोन मोसंबीवाले, एक डाळिंबवाला, बचत गटाच्या चार बायका, नोकरी सोडलेला एक इंजिनिअर आणि मी, जिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. फुलंब्री तालुक्यात मामाचं शेत आहे एवढंच माझं भांडवल.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "मधमाश्या किती प्रकारच्या?" आम्ही म्हटलं, एक. तर आपल्या भागात सहज दिसणाऱ्याच चार-पाच निघाल्या. आग्या, म्हणजे कड्यावर, उंच झाडावर, टाकीखाली एकच मोठं उघडं पोळं बांधणारी. फुलोरी, झुडपात तळहाताएवढं पोळं लावणारी छोटी माशी. सातेरी, जी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अंधारात एकाशेजारी एक पोळी बांधते. सात थर म्हणून सातेरी, असं म्हणतात. मग पोया, डंख नसलेली, चिलटाएवढी. आणि पाचवी पाहुणी, मेलिफेरा, जिला कोणी युरोपियन म्हणतं, कोणी इटालियन. ती १९६२ ते १९६४ च्या सुमारास हिमाचलमध्ये नगरोटा इथे आपल्याकडे नीट रुजली आणि मग देशभर पसरली.

यातली पेटीत कोण राहते? जी मुळात अंधाऱ्या पोकळीत अनेक पोळी बांधते तीच. म्हणजे सातेरी आणि मेलिफेरा, आणि वेगळ्या छोट्या डब्यात पोया. आग्या पेटीत राहत नाही. तिला उघडं आभाळ लागतं, आणि ती ऋतूप्रमाणे मुक्काम हलवते. आमच्या गच्चीवरचं मोहोळ काही महिन्यांनी आपणहून गेलं असतं! हे ऐकलं तेव्हा मला पार्किंगमधला खराटा आठवला.

आग्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण आपण छत्रपती संभाजीनगरचे लोक पाहुणे आले की त्यांना अजिंठ्याला नेतो. तिथल्या कातळावर आग्या मोहोळं असतात आणि पर्यटकांवर माश्या उठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पोळ्याच्या पृष्ठभागावर लाट धावल्यासारखी हालचाल दिसली, की ती माश्यांनी दिलेली ताकीद असते. दगड मारू नका, खाली धूर करू नका, फ्लॅश मारत जवळ जाऊ नका. उठल्याच, तर हातवारे न करता तोंड झाकून सरळ लांब पळा आणि बंद जागेत शिरा. पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. राजकारणाच्या बातम्यांत "आग्या मोहोळ उठलं" असं आपण किती सहज म्हणतो, पण खरं उठलेलं पाहिलेला माणूस तो शब्द जपून वापरतो.

आता पेटी. बाहेरून ती लाकडी खोकं दिसते, पण तिची सगळी करामत एका फटीत आहे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या माणसाने १८५१ मध्ये हेरलं, की दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळं आणि भिंत यांच्यामध्ये साधारण सहा ते नऊ मिलिमीटर जागा राहिली, तर माश्या ती ये-जा करायला मोकळी ठेवतात. जास्त ठेवली तर तिथे पोळं बांधतात, कमी ठेवली तर बुजवून टाकतात. एवढी जागा राखून लाकडी चौकटी टांगल्या, की प्रत्येक पोळं पुस्तकाच्या पानासारखं बाहेर काढता येतं, बघता येतं आणि परत ठेवता येतं. त्याआधी मध काढणं म्हणजे पोळं तोडणं किंवा जाळणं. आपल्याकडे अजूनही कित्येक जण पेटता टेंभा लावतातच. पेटीत खालची कोठी पिल्लांची आणि वरची मधाची. मध काढायचा तो वरचा. हे वाक्य सरांनी पाच दिवसांत पंधरा वेळा तरी म्हटलं असेल. पुढे मी काय केलं ते येतंच आहे.

तिसऱ्या दिवशी पेटी उघडली. बुरखा घातला, धुराड्यात गोणपाटाचे तुकडे आणि शेणी पेटवली. धुराने माश्या "झोपतात" असं मला वाटायचं. तसं नसतं. धूर आला की आग लागली समजून त्या पोटात मध भरून घ्यायला धावतात, आणि पोट भरलेली माशी भांडायच्या मनःस्थितीत नसते. शिवाय माशी डंख मारते तेव्हा एक वास सोडते, तो बाकीच्यांना "इथे मारा" असं सांगतो. धुराने तो वास दबतो. या वासातला एक मुख्य घटक पिकल्या केळ्याच्या वासातही असतो, म्हणून पेटीवर जाताना केळं खाऊन जायचं नाही. इंजिनिअर नाश्त्याला केळं खाऊन आला होता. त्याला काही झालं नाही, पण दिवसभर तो सगळ्यांच्या मागे उभा होता.

डंख मलाच बसला, मनगटावर. नखाने लगेच खरवडून काढायचा, कारण काटा तुटून राहिल्यावरही विषाची पिशवी आकसत राहते आणि विष आत जात राहतं. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. दुखणं, थोडी सूज हे ठीक आहे. पण ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. एखाद्याला मधमाशीच्या विषाची जबरदस्त ॲलर्जी असते आणि त्यात जीव जातो. हे सांगितल्याशिवाय क्लास देणाऱ्याकडे जाऊ नका.

मग फ्रेम हातात घेतली. सगळे राणी शोधायला लागले, कारण यूट्यूबवर तेच दाखवतात. सर म्हणाले, "राणी शोधू नका, अंडी शोधा." अंडं म्हणजे कोठडीच्या तळाशी उभा केलेला पांढरा दोऱ्याचा तुकडा, तांदळाच्या कणीहूनही बारीक. पहिल्या दिवशी ते उभं असतं, तिसऱ्या दिवसापर्यंत आडवं होतं, मग त्यातून अळी निघते. म्हणजे अंडं दिसलं तर गेल्या तीन दिवसांत राणी इथे होती, आणि आपलं काम झालं. पेटी बंद. मला उघड्या डोळ्यांनी अंडी दिसेनात. मग सूर्य पाठीमागे घेतला, फ्रेम तिरकी धरली, मोबाईलने फोटो काढला आणि झूम केलं. दिसली! स्मार्टफोनचा मधपाळाला झालेला हा सगळ्यात मोठा उपयोग आहे. सगळ्यात मोठा तोटा पुढे सांगते.

बाकी जे शिकवलं ते पटकन सांगते, कारण ते कुठेही वाचायला मिळेल. मेलिफेराची कामकरी माशी एकवीस दिवसांत तयार होते, नर चोवीस, राणी सोळा. सातेरीत थोडा फरक. राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात. फरक अळीला मिळणाऱ्या खाण्याचा. अन्न कुठे आहे हे माशी नाचून सांगते, हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. धावपळीच्या हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते आणि आयुष्यभरात चहाच्या चमच्याचा बारावा भाग मध करते, असा हिशेब सांगतात. मी तेव्हापासून मधाची बरणी बोटाने पुसून घेते.

क्लास संपला. आईकडून पैसे घेतले, अकरा हजार, "दिवाळीपर्यंत देते" म्हणून. कुठल्या दिवाळीपर्यंत ते मी सांगितलं नव्हतं. एका जुन्या मधपाळाकडून सातेरीच्या दोन वसाहती आणल्या आणि नोव्हेंबरात मामाच्या बांधावर, बाभळीखाली ठेवल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

मामा कांद्याचं बियाणं करतो. अर्धा एकर असतं. आपल्या शेजारचा जालना जिल्हा आणि पलीकडचा बुलढाणा हा कांदा बीजोत्पादनाचा पट्टा आहे, आणि तिथले शेतकरी फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवतात. कशासाठी, हे मला क्लासमध्ये कळलं. कांद्याच्या गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलात आधी परागकण तयार होऊन सांडून जातात, आणि त्यानंतर त्याच फुलाचा स्त्रीकेसर तयार होतो. म्हणजे एका फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामाचा नाही. दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यायला हवा. वाऱ्याने ते नीट होत नाही, कारण पराग चिकट असतो. आणणारी माशी नसेल तर गोंडा दिसायला भरगच्च आणि हातावर चोळला की फोल. सूर्यफुलाचंही बरंचसं असंच. मोसंबीला मात्र माशीवाचून फारसं अडत नाही. आमच्या क्लासमधले मोसंबीवाले हे ऐकून थोडे हिरमुसले होते.

फेब्रुवारीत गोंडे फुलले. सकाळी नऊ वाजता त्या शेतात उभं राहिलं की विजेच्या डीपीजवळ उभं राहिल्यासारखा आवाज यायचा. मी रोज व्हिडिओ टाकायचे. आणि एका दुपारी पेटीसमोर पुन्हा तेच, पार्किंगमधलं दृश्य. माश्या जीभ बाहेर काढून पडलेल्या, थरथरत. शेजारच्या वावरात सकाळी दहाला फुलकिड्यांसाठी फवारणी झाली होती. ते शेतकरी नात्यातलेच आहेत, मामाच्या भावकीतले. मी तावातावाने निघाले होते. मामाने हात धरला. "भांडाय चाललीस का सांगाय चाललीस, ते आधी ठरव. भांडाय चालली असशील तर चप्पल काढ आन् बस." बसले. संध्याकाळी मामाच गेला, चहा पिऊन आला. त्यांना फवारणी बंद कर असं कोण म्हणणार, त्यांचंही पीक आहे. ठरलं एवढंच, की फवारणी दिवस मावळल्यावर करायची, माश्या घरी परतल्यावर, आणि आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर कळवायचं. कळवलं की आम्ही पेटीच्या दाराला जाळी लावतो आणि वरून ओलं गोणपाट टाकतो, तेही एका दिवसापुरतंच. हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं. मी शेजाऱ्यांना आधीच सांगायला हवं होतं, पेट्या ठेवायच्या दिवशीच. व्हिडिओ काढण्यात राहून गेलं.

दोन्ही पेट्या त्यातून सावरल्या. एक मात्र नंतर गेली, आणि त्यात शेजाऱ्यांचा काही दोष नव्हता.

एप्रिलमध्ये मला मध हवा होता. आईचे पैसे होते, मैत्रिणींना बरण्या कबूल केल्या होत्या. दुसऱ्या पेटीच्या मधाच्या कोठीत फारसं काही नव्हतं, पण खालच्या, पिल्लांच्या कोठीत कडेच्या दोन फ्रेम मधाने जड झालेल्या. मी त्या काढल्या. सरांचं वाक्य आठवलं नाही असं नाही. आठवलं आणि तरी काढल्या. शिवाय त्या महिन्यात मी दर दोन दिवसांनी पेटी उघडत होते, रीलसाठी. पिल्लांच्या जागेचं तापमान माश्या ३४-३५ अंशांवर राखून असतात. थंडीत अंगाने ऊब देतात, उन्हाळ्यात पाणी आणून पंखांनी वारा घालतात. आपण झाकण उचललं की तासाभराची मेहनत उडून जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीशीच्या वर. बाभळीची सावली दुपारी तीननंतर सरकायची आणि पेटी उन्हात यायची, हे मी कधी बघितलंच नव्हतं, कारण मी सकाळी जायचे. वाट्यांतलं पाणी आटलं, मुंग्या चढल्या. विहिरीवर पाणी होतं पण लांब.

एका शनिवारी गेले तर दारात कोणी नाही. झाकण उघडलं. पोळी होती, त्यात मेणकिड्याची जाळी, आणि माश्या नाहीत. मेलेल्याही नाहीत. सगळ्या निघून गेलेल्या. सातेरीचा हा स्वभाव आहे, जागा राहण्यासारखी नाही असं वाटलं की अख्खं घर उठतं. मामा शेजारी येऊन उभा राहिला. "पोरी, दर दोन दिसाला घराचा पत्रा उचकून कुणी आत डोकावलं, तर तू तरी ऱ्हाशील का त्या घरात?"

त्या वर्षी दोन्ही पेट्या मिळून साडेचार किलो मध निघाला. हे आईच्या अकरा हजारांसमोर ठेवून बघा.

पहिली पेटी मी सावलीत सरकवली. रोज थोडी थोडी, कारण माश्या जागा पाठ करतात, एकदम दहा पावलं हलवली तर बाहेर गेलेल्या जुन्याच जागी परततात. मातीच्या परातीत खडे टाकून पाणी ठेवलं, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पावसाळ्यात फुलं कमी, तेव्हा साखर आणि पाणी सारखं घेऊन केलेला पाक, संध्याकाळी, पेटीच्या आत. आणि पेटी उघडायची ती आठ-दहा दिवसांनी, हातात वही घेऊन. फोन खिशात.

त्या ऑक्टोबरमध्ये दुसरा क्लास. हा वेगळाच प्रकार होता. इथे कोणी "मधमाश्या किती प्रकारच्या" असं विचारत नाही. पहिल्या दिवशी सरांनी एवढंच विचारलं, "गेल्या वर्षी किती पेट्या गेल्या आणि कशाने?" एकेक जण सांगत गेला. फवारणी, माइट, राणी मेली ते उशिरा कळलं, ट्रक दुपारी बंद पडला. शंभर पेट्यांचे मालक खाली मान घालून सांगत होते. माझी पाळी आली. मी म्हटलं, "एक. माझ्यामुळे." कोणी हसलं नाही. शेजारचे काका, ज्यांच्याकडे मेलिफेराच्या ऐंशी पेट्या आहेत, एवढंच म्हणाले, "पहिल्या वर्षी एकच? मग बरंय."

या लोकांचं जगणं ऐकण्यासारखं आहे. मेलिफेराची पेटी एका जागी ठेवून परवडत नाही. थंडीत राजस्थानची मोहरी, मग धने, इकडे येऊन कांद्याचं बियाणं, सूर्यफूल. रात्री माश्या आत आल्या की दारं बंद, पेट्या ट्रकवर, आणि उजाडायच्या आत जास्तीत जास्त अंतर कापायचं. दिवसा उन्हात ट्रक थांबला की आतली पोळी वितळतात आणि माश्या गुदमरतात. घरचं लग्नकार्य फुलोऱ्याचं कॅलेंडर बघून ठरतं.

त्यांचा मोठा वैरी व्हरोआ माइट. हा तांबूस गोचिडासारखा जीव मुळात आपल्या सातेरीचा. हजारो वर्षांच्या सोबतीत सातेरीने त्याला आवरायला शिकून घेतलं. ती एकमेकींच्या अंगावरून त्याला काढते, आणि तिच्याकडे तो जवळपास नरांच्या कोठड्यांतच वाढू शकतो. मेलिफेराची ही सोबत नवी. तिच्याकडे तो कामकरी माश्यांच्या कोठड्यांतही शिरतो आणि पंख नसलेल्या, अधू माश्या जन्माला येतात. तो मोजायचा कसा, तर बरणीत अर्धा कप माश्या, साधारण तीनशे, वर जाळीचं झाकण, त्यात पिठीसाखर, हलवायचं आणि खाली पडलेले माइट मोजायचे. माश्या पांढऱ्याफटक होऊन परत जातात आणि घरच्या त्यांना चाटून साफ करतात. आधी मोजणी, मग औषध. न मोजता औषध टाकणाऱ्यांवर सर चिडायचे.

मग राणी तयार करणं. एका दिवसाच्या आतली अळी, जी डोळ्याला धड दिसत नाही, सुईच्या टोकावर उचलून मेणाच्या वाटीत ठेवायची आणि राणी नसलेल्या वसाहतीला द्यायची. त्या तिला राजान्न भरवतात आणि राणी घडवतात. खेळ सगळा तारखांचा आहे. अंडं घातल्यापासून सोळाव्या दिवशी राणी बाहेर पडते, आणि पहिली निघाली की ती बाकीच्या कोठड्यांतल्या राण्यांना मारते. म्हणून त्याआधी प्रत्येक कोठडी वेगळ्या पेटीत गेलेली असायला हवी. मी दहा अळ्या उचलल्या, दहाही वाया. शेजारच्या काकांचा चष्मा नाकावर, हात किंचित थरथरतो, तरी दहातल्या सात लागल्या. मी विचारलं, कसं? म्हणाले, "श्वास सोडून उचल. भरलेला असताना उचलू नको."

आता तुमचा प्रश्न, पैसे सुटतात का. सातेरीच्या पेटीतून वर्षाला साधारण पाच-दहा किलो मध धरतात, फिरत्या मेलिफेराच्या पेटीतून त्याच्या कितीतरी पट. पण भावाचं दुखणं वेगळं. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातल्या तेरा ब्रँडचा मध तपासून घेतला, तर सगळ्या चाचण्यांत फक्त तीन उतरले, बाकी साखरेच्या पाकाची भेसळ. कंपन्यांनी हे नाकारलं. पण पाकाच्या भावाशी खऱ्या मधाची स्पर्धा लावली की मरतो मधपाळच, हे क्लासमधल्या प्रत्येकाने आपापल्या शब्दांत सांगितलं. आणि हो, मध थिजला म्हणजे साखर घातली असं नसतं. बरेच खरे मध थिजतात. पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं या घरगुती परीक्षांवरही विसंबू नका.

माझं मत विचाराल तर शेती असेल, किंवा शेतीवाला मामा असेल, तर दोन पेट्यांनी सुरुवात करा, आणि पहिल्या वर्षी मधाचा हिशेब मांडू नका. नोकरी सोडून पन्नास पेट्या घेऊ नका. आमचा इंजिनिअर घेणार होता, आता तो एका मधपाळाकडे वर्षभर हाताखाली काम करतोय. ते शहाणपणाचं वाटतं मला.

शिकायचं कुठे? पुण्यात शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची, १९६२ पासूनची. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच परिसरातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं "मधाचं गाव" ठरलं, सहलीला गेलात तर स्ट्रॉबेरी सोडून तेही बघा. मंडळाची मध केंद्र योजना आहे, त्यात साहित्याला ५० टक्के अनुदान असतं, बाकीचे आपण घालायचे. वैयक्तिक मधपाळाला वयाची अठरा वर्षं पूर्ण आणि लिहिता-वाचता येणं एवढी साधी अट. केंद्रचालक व्हायचं तर दहावी, एकवीस वर्षं आणि एक एकर जमीन, स्वतःची किंवा भाड्याची. अर्ज करण्याआधी जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात जाऊन चालू अटी विचारा. आपल्या जिल्ह्यात पैठण रोडला आणि गांधेलीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथेही चौकशी करून ठेवा. क्लास निवडताना एकच बघा. पेटी तुमच्या हाताने किती वेळा उघडू देतात? नुसते स्लाइड असतील तर घरी बसून माझा पॉडकास्ट ऐका, तो फुकट आहे.

राहिलेली पेटी आता सात फ्रेम भरून आहे. मामाचे गोंडे पुढच्या पंधरवड्यात फुलतील. काका म्हणतात आत्ताच विभाग, दोन पेट्या होतील. मामा म्हणतो फुलोरा होऊन जाऊ दे, आत्ता घर मोडू नको. दोघांचंही पटतं. शनिवारी सकाळी जाणार आहे. नव्या राणीच्या कोठड्या धरल्यात का तेवढं बघायचं, दहा मिनिटांत झाकण बंद. व्हिडिओ नाही येणार, आधीच सांगते. शेजाऱ्यांचा मेसेज मात्र आलाय: "उद्या सांजच्याला फवारा आहे. जाळी लावा."